अण्णाजींचा चार्जिंगचा बोर्ड

कुणाच्याही हातात फोन दिसला की आमचे अण्णाजी आधी तो मागून घ्यायचे, उलटा करायचे आणि त्याची पाठ आपल्या गालाला लावायचे. लेकराला ताप आहे का ते बघतात, तसे. जरा वेळ डोळे मिटायचे आणि मग निदान व्हायचं, "तापला हाये. मरते हा." समोरचा कुणीही असो, त्याचा फोन त्या गालाला लागून गेल्याशिवाय त्याला आमच्या ओसरीवरून सुटका नव्हती. जावई सुटले नाहीत, दूध घालायला येणारा म्हातारा सुटला नाही. त्या पांढऱ्या खुंटांच्या गालाला लागून आलेला माझा फोन मी आत नेऊन पदराने पुसत असे, आणि पुसताना काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

अण्णाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे. वीज खात्यात वायरमन होते. बायको फार आधी वारली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर खांबावर चढणं बंद झालं तसे ते घरातल्या बोर्डावर चढून बसले. आमचं गाव हिवरखेडच्या पलीकडे, तेल्हारा तालुक्यात. लाइट गेली की गावातले लोक खात्यात फोन लावण्याआधी आमच्या दारात यायचे. कुणाची मोटर जळली तर अण्णाजी भर उन्हात दुपट्टा गुंडाळून त्याच्या वावरात जायचे, आणि त्याचा चहासुद्धा प्यायचे नाहीत. गावात त्यांचं नाव होतं ते खोटं नव्हतं. पण गावाला ते घटकाभर भेटायचे. मला रोज.

"करंट काय चीज हाये थे मले इचारा. सारी जिंदगी तारेवर गेली मायी," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी बोर्ड होता. घरातल्या प्रत्येकाचा फोन चार्जिंगला तिथेच लागायचा, दुसरीकडे कुठे नाही. वीस टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय लावायचा नाही, ऐंशी झाले की काढायचा. काढायचे तेच. "लेकराले ठोसून खाऊ घातलं तं ओकते का नाई? बॅटरीचंबी तसंच हाये. दमानं पाजा तिले, दमानं." पाहुण्यांना हे ऐकताना गंमत वाटे. आम्ही तिथे राहत होतो.

आमच्याकडे भावजय भासऱ्याशी बोलत नाही. समोर यायचं तर डोक्यावर पदर, समोर बसायचं नाही, थेट शब्द बोलायचा नाही. भासऱ्यानेही भावजयीचं नाव घ्यायचं नाही. आता बऱ्याच घरांत हे सैल झालं आहे, आमच्या घरात नव्हतं. त्यामुळे अण्णाजी माझ्याशी जे बोलायचे ते माझ्या सासूबाईंमार्फत, नाहीतर माझ्या नवऱ्यामार्फत. घरात मी एकटीच असले तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "कोनी हाये का आतमंदी? पानी पाह्यजे म्हना." मी आत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. मला हात लागणं पाप होतं. माझ्या फोनला गाल लावणं चालत होतं.

मी गावची आशा सेविका झाले. गर्भार बायांच्या नोंदी, लेकरांच्या लसी, रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं ते, सगळं काम त्या फोनवर. म्हणून गजाननने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अकोल्याहून मला नवा फोन आणला. बरोबर जाडजूड पांढरा फास्ट चार्जर. दुकानदार म्हणाला म्हणे, "ताईले सांगा, आंघोळ करून येतपर्यंत अर्ध्याच्या वर भरते." मला हेच हवं होतं. आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी येते. आहे तोवर जेवढं घेता येईल तेवढं घ्यायचं.

अण्णाजींनी तो चार्जर हातात घेऊन वजन केलं. "हे चार्जर नोय, हे पंप हाये." आणि तो त्यांच्या हत्यारांच्या लोखंडी पेटीत गेला, वर कुलूप. मला त्यांचा एक जुना बारीक चार्जर मिळाला. मी तिथेच चौकटीला टेकून उभी होते. तरी ते म्हणाले, "गजू, तुया बायकोले सांग, बॅटरी टिकवाची असन तं याच्यावर लावत जाय." गजाननने वळून मला सांगितलं, "अण्णाजी म्हनतेत, याच्यावर लावत जाय." माझा नवरा वाईट माणूस नाही. पण त्या घरात तो नवरा कमी आणि निरोप्या जास्त होता.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णाजींचा स्वतःचाच फोन फुगला. धूळ जाऊ नये म्हणून ते त्याला आधी प्लास्टिकच्या पाकिटात घालायचे, मग दुपट्ट्यात गुंडाळायचे आणि पडवीच्या टिनाखाली फळीवर ठेवायचे. फोनचं मागचं झाकण उघडून वर आलं. तेल्हाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याकडे ते गेले तेव्हा मीही बरोबर होते. मला तालुक्याला मीटिंग होती. दुरुस्तीवाला हुशार होता आणि त्याला भीडही नव्हती. तो म्हणाला, "अण्णाजी, फास्ट चार्जिंगनं बॅटरी जराशी लवकर म्हातारी होते, खोटं नाई. पन फोन सोताले सांभाळते. तापला का करंट कमी घेते, भरत आला का चाल मंदावते. तुमची बॅटरी गर्मीनं गेली. अकोल्याच्या उन्हात टिनाखाली गुंडाळून ठिवली, मंग चार्जर कितीबी बारीक असो."

अण्णाजींनी त्याला विचारलं, "तू खांबावर चढला का कदी?"

"नाई."

"मंग?"

विषय संपला. परत येताना एसटीत ते खिडकीला सांगत होते की हे दुकानवाले साऱ्या कंपन्यांना मिळालेले असतात. घरी आल्यावर बोर्डावरचा पहारा आणखी कडक झाला. ऐंशीचे पंचाहत्तर झाले.

संगीता आमच्या गावची, पण राहायची गावाबाहेर वावरात, टिनाच्या घरात. नवरा देविदास दुसऱ्याच्या शेतीवर कामाला. पहिलंच बाळंतपण. त्या वावराला जायला चिखलाची पांदण, तिला फाटे इतके की नवीन माणूस चुकलाच पाहिजे. म्हणून मी त्यांना बजावलं होतं: दुखायला लागलं की गाडीला फोन करा आणि लगेच मला करा, मी फाट्यावर उभी राहून गाडी आत आणते. रुग्णवाहिकेच्या चालकालाही माझाच नंबर दिलेला होता. संगीता दर भेटीत विचारायची, "ताई, तुमी याल ना?" मी म्हणायची, "फोन कर, धावत येतो."

तिचे दिवस भरले आणि वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आलं. तारा तुटल्या. रात्रभर गाव अंधारात, सकाळपर्यंत घराघरातले फोन मेलेले. भाकरी थापताना लाइट आली. मी पिठाच्या हाताने फोन बोर्डावर लावला आणि गजाननला म्हटलं, अण्णाजींना सांगा, संगीताचे दिवस भरले आहेत, आज फोनला हात लावू नका. गजाननने ओसरीवर जाऊन सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. अण्णाजी म्हणाले, "हो म्हना."

मी गल्लीतल्या बायांना लसीकरणाला बोलवायला गेले. परत आले तर लाइट पुन्हा गेलेली, आणि माझा फोन बोर्डावर नव्हता. माठाजवळ ओल्या फडक्यावर ठेवलेला होता. अण्णाजी सासूबाईंना म्हणाले, "माय, तिले सांग, लय तापला व्हता. थंडा करून ठिवला." वैशाखात आमच्याकडे सकाळी दगडही तापलेला असतो. मी फोन सुरू केला. लाल रेघ दिसली आणि तो विझला.

शेजारच्यांचे फोनही तसेच मेलेले. मी धावत उपकेंद्रात गेले. सिस्टरचा फोन चालू होता, पण देविदासचा नंबर माझ्या बंद फोनात. कुणाचा नंबर पाठ असतो आता? लसीकरण सोडून मी पांदणीच्या वाटेला लागले, तर समोरून देविदासच मोटारसायकलवर मला शोधत येत होता. त्याचा चेहरा बघून मी तशीच मागे बसले. रुग्णवाहिका भलत्याच फाट्यावर उभी होती आणि चालक माझा नंबर लावत होता. आम्ही तिला घेऊन आत पोचलो तेव्हा बाळ झालेलं होतं. मुलगा. शेजारच्या वावरातल्या म्हातारीने त्याला लुगड्याच्या तुकड्यात धरलं होतं. मला शिकवलं होतं ते सगळं मी केलं. तोंड पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले. तो रडला नाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "थोडी आधी आणली असती तर..."

संगीताने गाडीत एवढंच विचारलं, "ताई, तुमचा फोन कावून बंद व्हता?"

काय सांगू? बॅटरीचं आयुष्य समजावून सांगू?

घरी आले. अण्णाजी खुर्चीत, सासूबाई खाली तांदूळ निवडत, गजानन दारात. मला बघून अण्णाजी म्हणाले, "माय, तिले सांग, लाइट आली. आता लावा म्हना फोन."

माझा पदर खांद्यावर होता, तो तिथेच राहू दिला. त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "अण्णाजी, संगीताचं लेकरू गेलं. सकाळी तुमाले सांगितलं व्हतं. फोन कावून काढला?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "माय, इले सांग, भासऱ्यासमोर बाया अशा उभ्या रायत नाई."

"मायले नका सांगू. मी इथं हावो. मले सांगा."

मग अण्णाजी भिंतीलाच म्हणाले, "माय, इले सांग, त्या फोनची बॅटरी अजून चार वर्षं जाईन. माया हातानं टिकली हाये थे."

सासूबाईंनी निरोप दिला नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मी म्हणाले, "बॅटरी उद्या मेली तं दुसरी भेटते अण्णाजी. संगीताले काय आनून देऊ?"

ते उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मी आत गेले, वरवंटा आणला आणि त्यांच्या पेटीचं कुलूप फोडलं. गजानन दारातच उभा होता. त्याने मला अडवलं नाही. मग पुढे आला आणि पेटीचं झाकण धरून उभा राहिला.

महिन्याच्या आत आम्ही उपकेंद्राजवळ दोन खोल्या घेतल्या. तिथे पलंगाच्या उशाशी फास्ट चार्जर लावला आणि फोन शंभरपर्यंत भरू दिला, कधी तापूही दिला. अण्णाजींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पुढे पुढे ती बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरेनाशी झाली. तेल्हाऱ्याला जाऊन मी दुसरी बसवून घेतली. जुनी दुरुस्तीवाल्याने टोपलीत टाकली तेव्हा मला जे बरं वाटलं ते दागिना घेतानाही वाटलं नसेल. त्या बॅटरीने तेवढ्या काळात कितीतरी बाया दवाखान्यात पोचवल्या होत्या. संगीताचीही दुसरी खेप तिच्यावरच निभावली. मुलगी झाली, तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात, खणखणीत रडली.

अण्णाजी गजाननला बाजारात भेटायचे तेव्हा विचारायचे, "तिच्या फोनची बॅटरी उतरली असन आता?" गजानन घरी येऊन सांगायचा. मी दर वेळी विचारायची, "संगीताचं काई बोलले?" तो नाही म्हणून मान हलवायचा. पुढे त्याने सांगणं सोडलं आणि मी विचारणं. पण वाट मी बघत होते. माझ्याशी बोलू नका. भिंतीशी बोला, मायशी बोला, गजूशी बोला. एकदा तरी म्हणा की चुकलं. तेवढ्याने काय झालं असतं ते मला माहीत नाही, पण मला ते ऐकायचं होतं, आणि ते ऐकून संगीताकडे जायचं होतं. फोन कुणी काढला ते तिला मी कधीच सांगितलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात अण्णाजी खुर्चीतच गेले. मोठी गर्दी जमली. अर्ध्या गावाच्या मोटरी त्यांनी दुरुस्त केलेल्या. ओसरीवर त्यांना निजवलं होतं, बाया आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "असा भासरा पाहाले भेटत नाई आता. भावजयीले उभ्या जन्मात एक शब्द बोलला नाई बाप्पा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

तेवढ्यात संगीता आली. कडेवर मुलगी, हातात कागदात गुंडाळलेली झेंडूची फुलं. गावाची रीत म्हणून आली असेल. ओसरीवर न थांबता ती सरळ आत आली, माझ्याजवळ टेकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, जाच्या आदी काई म्हनले का? माया लेकराचं?"

मी म्हणाले, "नाई."

ती थोडा वेळ बसली. मग उठली, मुलीला वर सरकवून नीट कडेवर घेतलं, ओसरीवर निजवलेल्या अण्णाजींच्या बाजूने चालत गेली आणि फुलं तशीच हातात घेऊन घरी निघून गेली.