सहा देवांची स्वीटी

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतलं आमचं घर म्हणजे समोर किराणा दुकान, मागे आम्ही दोघं नवरा-बायको, आणि वर भाड्याची एक खोली. त्या खोलीत आजवर नर्सिंगच्या मुली राहून गेल्या, बँकेतला एक रडका कारकून राहून गेला, गॅस चालू ठेवून गावाला जाणारी एक शिक्षिकाही राहून गेली. गेले तेव्हा मी खोली झाडून घेतली आणि त्यांना विसरले. स्वीटीने मात्र मला जीव लावला, आणि याबद्दल माझी तिच्यावर अजूनही तक्रार आहे.

ती वेबसाइटी बनवते. वर्ध्यातल्या एका लहानशा ऑफिसात नोकरी, आणि उरलेला वेळ वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे. तिचं खास काम म्हणजे फॉर्मवरच्या त्या याद्या, बोट टेकवलं की खाली उलगडतात त्या. आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. मला वाटायचं, यात काय मोठंसं, नावं लिहून टाकायची. एकदा बोलून बसले, तर पोरगी भाकरीचा तुकडा हातात धरून समजावत सुटली. ती नावं फॉर्ममध्ये नसतातच म्हणे, दूर कुठेतरी सर्व्हरवर असतात. तिथून आणून ती बरोबर जागी बसवावी लागतात. वर्धा निवडलं तर खाली कारंजा, आष्टी, हिंगणघाट हेच दिसायला हवेत, आणि माणसाने जे निवडलं तेच तिकडे साठायला हवं.

"आणि नाई साठलं तर?" मी विचारलं.

"तर माणूस एका गावचा अन् कागद दुसऱ्या गावचा, काकू."

तिला या गोष्टीचं वेडच होतं. आमचे मधुकरराव दुकानाच्या कामासाठी मोबाइलवर काही भरायला बसले की ही मागून डोकावणार, आणि कुठल्या यादीत एकच नाव दोनदा दिसलं की स्वतःच्या घरचं दूध नासल्यासारखी हळहळणार. पाहुण्यांना चहा विचारतानासुद्धा "चहा, कॉफी, का काहीच नको?" असं विचारायची. मधुकरराव तिला चिडवायचे, "अवो, 'काहीच नको' काऊन विचारता? पाहुणा हो म्हणून बसला म्हणजे आमचीच पंचाईत!" पण ते शेवटचं ती कधी गाळायची नाही.

त्याचं कारण मला पुढे कळलं. कारंजा घाडगेच्या पुढे, जंगलाला लागून तिचं गाव. वडील जंगू जंगल खात्याच्या रोजंदारीवर, आई धुरपता शेतात. घरात गोंडी बोलतात. आश्रमशाळेत नाव घालताना मातृभाषेच्या रकान्यात मराठी होती, हिंदी होती, उर्दू होती. गोंडी नव्हती. लिहिणाऱ्या बाबूने "मराठी टाकतो, काय फरक पडते" म्हटलं आणि टाकून दिलं. हे सांगताना स्वीटी हसत होती, पण फरक पडला होता, नाहीतर इतक्या वर्षांनी तिला ते कशाला आठवलं असतं?

आईशी फोनवर ती गोंडीतच बोलते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मध्येच "काकू" असा शब्द आला की मी कान टवकारते, बस तेवढंच.

तर मागच्या वर्षी तिच्या समाजाने उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा ठरवला. दरवर्षी पुस्तिका छापायचे. या वेळी ठरलं, वेबसाइट करायची. ते काम हिने फुकट अंगावर घेतलं. तेव्हाच त्यांची रीत मला तिच्याकडून कळली. त्यांच्यात प्रत्येक घराचे देव ठरलेले असतात, कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणून सोयरिकीला पहिला प्रश्न हाच. स्वीटीने वेबसाइटच अशी बांधली, की सहा देवांच्या मुलीला सहा देवांचा मुलगा दिसणारच नाही.

बरीच नावं भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की शहरात वाढलेल्या काही पोरांना आपले देव किती हेच माहीत नाही. ती बिचारी फॉर्म अर्धवट सोडून जात होती. हिला वाईट वाटलं. तिने यादीत सगळ्यांत वर एक नवीन ओळ घातली, "माहीत नाही, मोठ्यांना विचारून सांगतो". मला येऊन दाखवलंही. मी म्हटलं, बरं केलंस.

त्यानंतर आष्टीकडच्या एका आजोबांचा फोन आला. फोन तिच्या कानाला होता, पण आवाज मला माझ्या ओट्यापाशी ऐकू येत होता. "माह्या नातवाले देव माहीत नाईत म्हणते तुही वेबसाइट! चार देव आहेत आमचे, चार! त्याले लहानपणापासून माहीत आहे!" स्वीटीने समजूत घातली आणि फोन ठेवून मला म्हणाली, "नातवानं चुकीचं दाबलं असंन. लोकं वाचतच नाईत काकू."

आता मला काय माहीत? मी मान डोलावली.

सगळ्यांचं भरून झाल्यावर, आईने तगादा लावला म्हणून, तिने स्वतःचंही नाव भरलं. तोवर लग्नाचं नाव काढलं की ही काहीतरी काम काढायची. आणि एके दिवशी खाली येऊन, दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "काकू, एक जण आहे."

कार्तिक त्याचं नाव. मूळचा पांढरकवड्याकडचा, नोकरी अल्लीपूरला, कृषी सहायक. बोलणं फोनवर सुरू झालं. मग तो कामानिमित्त वर्ध्याला येऊ लागला. कृषी खात्याची वर्ध्यात इतकी कामं निघतात हे मला पहिल्यांदाच कळलं. पोरगा साधा होता. आला की आधी दुकानात मधुकररावांशी तुरीच्या भावावर बोलायचा, मग लाजत विचारायचा, "स्वीटी मॅडम आहेत काय?" आणि ही वरून चप्पल न घालताच धावत यायची. घरभर गाणी म्हणत फिरायची. आवाज अजिबात चांगला नाही, पण मी एकदाही टोकलं नाही.

देवांचं दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. कशाला विचारतील? ते पाहूनच तर वेबसाइटने नाव दाखवलं होतं, आणि वेबसाइट हिचीच.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला दोन्ही घरं आमच्याकडे जमली. मीच म्हटलं होतं, गावाकडे कशाला, इथेच बसू. जंगूभाऊ नवा सदरा घालून आले होते, घडीच्या रेषा अजून तशाच. धुरपताबाईंनी मोहफुलांचे लाडू आणले होते. कार्तिकबरोबर त्याचे काका होते आणि आई मनकर्णाबाई, बारीक चणीची, ठसक्यात बोलणारी. तिने स्वीटीला पाहिलं आणि हाताला धरून आपल्याजवळ बसवूनच घेतलं. मी पोहे आणले. सगळं इतकं छान चाललं होतं, की मी मनात मांडव घालून मोकळी झाले.

जंगूभाऊंनी जुन्या माणसाच्या सवयीने, वेबसाइटवर दिसलं होतं तेच, नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "तं तुमी पाच देवाचे?"

"पाच?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "नाई बाप्पा. आमी सहा देवाचे."

जंगूभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली. "आमी बी सहाच," ते हळूच म्हणाले.

मला एवढंच दिसलं, की मनकर्णाबाईंचा हात स्वीटीच्या हातावर होता, तो त्यांनी काढला नाही. कार्तिक उभा राहिला, पुन्हा बसला. स्वीटी उठली, वर गेली आणि लॅपटॉप घेऊन खाली आली. पोह्यांच्या बशा बाजूला सारून तिथेच तिने तो उघडला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चूक माही आहे."

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. माझ्या फळीवर डबे आहेत. मी कोणाला म्हटलं, तिसऱ्या डब्यातली डाळ काढ, आणि दरम्यान कोणी डावीकडे एक नवीन डबा आणून ठेवला, तर तिसऱ्या डब्यात डाळ राहील का? सर्व्हरवर 'सहा देव' असं लिहून ठेवलेलंच नव्हतं. तो यादीतला तिसरा, एवढंच ठेवलं होतं. 'माहीत नाही'ची ओळ वर आली आणि तिसरे झाले पाच. आधी भरलेली सगळी माणसं एकेका घराने सरकली. कार्तिकने आधी भरलं होतं, हिने नंतर, म्हणून तो सरकून पाचांत गेला आणि ही सहातच राहिली. ऑफिसच्या कामात असलं काही ती कधी करत नाही. तिथे प्रत्येक नावाला आपला ठरलेला क्रमांक असतो. हे घरचं काम, हौसेचं, म्हणून घाईत झालं.

जंगूभाऊंनी ते सगळं शांतपणे ऐकलं. मग उठून कार्तिकच्या काकांना मिठी मारली. "मंग आपण भाऊच झालो," म्हणाले. सारख्या देवांची माणसं समोर आल्यावर करायचं तेच त्यांनी केलं. बायका रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या, आणि सगळे जेवूनच गेले. फाटकापाशी कार्तिक स्वीटीला म्हणाला, "मी फोन करू ना?"

"कर ना," ती म्हणाली. "भाऊ करतेच बहिणीले."

माझं डोकं फिरलं होतं. पाहुणे गेल्याबरोबर मी तिला म्हटलं, "कोण पाहते आजकाल देव-बिव? पोरगा चांगला, पोरगी चांगली. मी बोलते तुझ्या बापाशी."

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या घरी सगोत्र चालते काय?"

माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मी एक चांगलं स्थळ त्याच कारणाने परत पाठवलं होतं, आणि ते मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं.

"अन् मले बी नाई चालत," ती पुढे म्हणाली. "कोणी म्हणते म्हणून नाई. मलेच नाई."

त्याच संध्याकाळी माझ्या ओट्याशेजारी बसून तिने सगळं दुरुस्त केलं. प्रत्येक देवाला स्वतःचा क्रमांक दिला, सरकलेल्या माणसांना आपापल्या घरी आणलं. मग स्वतःचं पान उघडलं. मी शेजारीच उभी होते. यादी आली, पण त्यात कार्तिकचं नाव नव्हतं. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरोबर आली आता." मी तिचं डोकं पोटाशी धरलं, तेव्हा कुठे ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या घरांना निरोप पाठवला, चूक माझी होती म्हणून. काहींनी सुनावलं. आष्टीच्या आजोबांनी मात्र आशीर्वाद दिला.

मेळावा पार पडला. पुढे मनकर्णाबाई कार्तिकच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी सात देवांची, त्याच यादीत सापडलेली. "माह्या पोटी पोरगी नाई," त्या स्वीटीला म्हणाल्या, "करवली म्हणून तूच येजो." मला त्या बाईचा असा राग आला! पोरीच्या काळजाचा काही विचार? ही मात्र "येते ना आई" म्हणाली.

आम्ही दोघं नवरा-बायकोही गेलो लग्नाला. मी तर भांडायच्याच तयारीने गेले होते. हिरवी साडी नेसून स्वीटी कार्तिकच्या मागे उभी होती, हातात करा, चेहरा हसरा. अक्षता पडल्या. नंतर नवरीने तिला जवळ बोलावलं. एवढीशी पोर, हळदीने पिवळी, डोळ्यांत नुसता आनंद. म्हणाली, "ताई, वेबसाइट तुमीच बनवली ना? तुमच्याचमुळं आमी भेटलो."

स्वीटीने तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या. "पहिले चुकली होती," ती म्हणाली. "मंग जमली."

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने तिथून उठून गेले.