तीन संडासांचं घर

"दार उघड. आधी दार उघड."

वहिनी बाहेरून दारावर थापा मारत होत्या. मी आत बसले होते. उठता येत नव्हतं. पोटात असा मुरडा की डोळ्यांपुढं अंधारी.

दार उघडलं तर त्या ओढणीचं टोक नाकाला लावून उभ्या. त्या दिवशी कॉलेजातल्या नोकरीवरून लवकर आल्या होत्या. माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या मागं, सीटकडं बघितलं. पांढऱ्या सीटवर रक्ताचे दोन थेंब होते. घाईत पुसायचे राहून गेलेले.

"शी. पाळी आलीय आणि आजींच्या संडासात बसलीस?"

"पाळी न्हाई वहिनी. संडासातनं पडतंय. लई दिवस झालं."

"म्हणजे अजूनच घाण. काही संसर्गाचं असलं आणि आजींना लागलं म्हणजे? तुला पहिल्या दिवशीच चौकातलं दाखवलं होतं ना?"

एरवी मला 'मावशी, तुम्ही' म्हणायच्या. त्या दिवशी मावशी गेली आणि तुम्हीही गेलं.

आजी पलंगावर होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या. वहिनींच्या सासू. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, स्वतःच्या स्वतः उठता येत नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी त्याच मला म्हणाल्या होत्या, "जा गं, माझ्याच संडासात जा. घरात कोण आहे बघायला?" मी आजींकडं बघितलं. वहिनींनीही बघितलं.

"आई, तुम्ही सांगितलंत का हिला?"

आजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "मी कशाला सांगू."

वहिनींनी ॲसिडची बाटली आणि ब्रश आणून दारात ठेवला. "दोनदा धू. मग नळ, कडी, हँडल. जिथं जिथं हात लावलास तिथं." आणि उभ्या राहिल्या. माझं धुऊन होईपर्यंत हलल्या नाहीत. ॲसिडचा वास नाकातून डोक्यात गेला. खाली बसून घासताना परत कळ आली. दात आवळून दाबली.

धुणं संपतंय तोवर आजींचं डायपर भरलं.

"मावशी, आजींचं बघा," वहिनी म्हणाल्या. परत मावशी. परत तुम्ही.

मी त्याच हातांनी आजींना पुसलं, धुतलं, पावडर लावली, नवीन डायपर घातलं. माझ्या हातांची त्यांना अडचण नव्हती. माझ्या बसण्याची होती.

मी घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळते. ब्युरोतून काम मिळतं. होटगी रोडच्या त्या बंगल्यात मला अकरा महिने झाले होते. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. पहिल्या दिवशी वहिनींनी पूर्ण नाव विचारलं. मग गाव विचारलं. जेऊरच्या पलीकडचं खेडं, म्हटलं. मग विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यातून त्यांना जे कळून घ्यायचं होतं ते कळलं. मग मला चौकातलं पालिकेचं शौचालय दाखवलं.

त्या घरात तीन संडास. एक खाली, एक वर, एक आजींच्या खोलीला लागून. स्वयंपाकाच्या काकू खालच्यात जायच्या. आजींना व्यायाम द्यायला येणारी मुलगी आजींच्या संडासात जायची. चौकात एकटी मी. जायला सात मिनिटं, यायला सात मिनिटं, सोलापूरच्या उन्हात. पोट चांगलं होतं तोवर मी याचा फार विचार केला नाही. लहानपणापासून वेगळं बसायची सवय लागलेली असते. ती सवय आहे हेसुद्धा कळत नाही.

पोळ्याच्या सुमाराला पोट बिघडलं. आधी वाटलं, काहीतरी बाधलं. दिवसातून चार वेळा, पाच वेळा पातळ. मग आव. मग एक दिवस रक्त. मूळव्याध असेल म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. ताक प्याले, जिरं चावलं, शेंगाची चटणी बंद केली. चार दिवस बरं वाटायचं, परत सुरू. साखरझोपेतून उठून पळावं लागायचं. ब्लाउज ढिले झाले. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालीस, चांगली दिसतीस.

माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "कुणाला सांगू नगंस. संडासाचा आजार म्हनल्यावर लोकं हसत्यात."

मी कुणाला सांगितलं नाही. उपाय काढले. सकाळी काही न खाता निघायचं. दिवसभर पाणी प्यायचं नाही. पिशवीत एक जास्तीचा परकर आणि प्लास्टिकची पिशवी. रिक्षात बसले की रस्त्यात कुठं कुठं शौचालय आहे ते मनात धरून ठेवायचं. चौकात जायला निघाले की वहिनी विचारायच्या, "परत चाललात?" काकू भाजी चिरता चिरता हसायच्या. एकदा वाटेतच झालं. रस्त्याच्या कडेला एका भिंतीआड परकर बदलला आणि परत येऊन आजींना जेवण भरवलं. त्या दिवशी रडले नाही. राग पण आला नाही. फक्त वाटलं, आपण घाण आहोत.

आठ महिने मी हेच मानत होते. ॲसिडच्या दिवशीसुद्धा हेच मानत होते. ते खरं सांगितलं पाहिजे.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर आले. आजींचं पोट साफ होत नव्हतं म्हणून वहिनींनी घरी बोलावले होते. आजींच्या संडासाची वही मीच लिहायची. तारीख, वेळ, किती, रंग कसा. नववीपर्यंत शिकले, अक्षर चांगलं आहे. डॉक्टरांनी वही चाळली आणि मान हलवली. मग विचारायला लागले.

"रक्त कधी पडलंय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"वजन उतरलंय?"

"नाही."

"झोपेतून उठून जावं लागतं? जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटतं? ताप, अशक्तपणा?"

नाही, नाही, नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्या मनात हो येत होतं. एकही सुटला नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग काळजीचं कारण नाही. वय आहे, हालचाल नाही, त्यानं होतं. रक्त असतं तर मी गोळ्या देत बसलो नसतो. लगेच दुर्बिणीतून तपासायला पाठवलं असतं. कितीतरी लोक मूळव्याध समजून महिनोन्महिने काढतात."

"एक थेंब जरी दिसला तरी लगेच फोन करते डॉक्टर," वहिनी म्हणाल्या.

तो एक थेंब आजींचा कधी पडलाच नव्हता. माझे दोन थेंब परवा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. न पडलेल्या थेंबाला डॉक्टर. पडलेल्याला ॲसिड.

आठ महिन्यांत पहिल्यांदा राग आला. मी वही मिटली आणि बोलले.

"डॉक्टर, मला पडतंय. आठ महिनं झालं. वजन पन उतरलंय."

"मावशी, तुमचं नंतर," वहिनी म्हणाल्या.

"नंतर कधी?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. किती वेळा जावं लागतं, रक्त लाल की काळं, आव पडते का, विचारलं. चिठ्ठी लिहून दिली. "सरकारी दवाखान्यात जा. उद्याच जा. लाजू नका." वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. नवरा म्हणाला, "एवढं काय झालंय?" मी म्हटलं, "त्येच बघायला चाललेय."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. मी पदर तोंडाला लावून सांगायला लागले तर म्हणाल्या, "पदर काढा, ऐकू येत नाही मला." इतकं साधं. मी पदर काढला आणि सगळं सांगितलं. रक्त तपासलं, अंगात रक्त फार कमी निघालं. संडास तपासला. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची तपासणी. आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध प्यायला लावलं. वस्तीत आमच्या चार घरांत मिळून एक संडास. दिवसभर मी त्याच्या दारापाशीच पाट टाकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारत होत्या, काय झालं. सगळ्यांना सांगितलं. नवरा घरात रागानं भांडी आपटत होता.

तपासणीत कळलं, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. मूळव्याध नव्हती. कॅन्सर नाही, म्हणाल्या, पण अंगावर काढत राहिलात तर धोका वाढतो. शरीरच आपल्या आतड्यावर उलटतं, असा आजार. आयुष्यभर राहणार. गोळ्यांनी दाबून ठेवता येतो, मधूनच उसळतो. उसळला की तिखट, तेलकट बंद. पाणी भरपूर. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत.

"हे माझ्या घाणीनं झालंय का?" मी विचारलं.

"नाही. आणि कुणाला लागतही नाही."

"तसं लिहून द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. लिहून दिलं.

"आठ महिने का थांबलात?" त्यांनी विचारलं. मी कागदाची घडी घातली. परत येताना रिक्षात उत्तर सुचलं. जिला बसायला जागा द्यायची नाही असं ठरलंय, ती आपलं दुखणं कुठं मांडणार?

तपासण्या चालू होत्या तोवर मी कामावर नव्हते, तेव्हा ब्युरोनं दुसरी बाई पाठवली होती. आजींनी तिला हात लावू दिला नाही. वहिनींचा फोन आला. मी गेले.

"आजींना तुमची सवय झालीय. उद्यापासून या. झालं गेलं सोडून द्या," वहिनी म्हणाल्या.

"येते. पन आजींच्या खोलीतला संडास मला लागंल. दिवसातनं पाच-सहा वेळा. ह्यो कागद बघा. ह्यो आजार कुणाला लागत न्हाई, असं लिवलंय."

त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"कागदाचा प्रश्न नाही मावशी. घराच्या काही पद्धती असतात. आम्ही तुम्हाला कमी केलंय का काही? घरच्यासारखंच वागवलं."

"घरची मानसं चौकात जात्यात का वहिनी?"

"फार बोलायला लागलीस तू."

आतून आजींनी हाक मारली. मी आत गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. हात हलका, थंड. "जाऊ नको गं," म्हणाल्या.

"आजी, तुमीच सांगितलं हुतं मला. मग तवा का न्हाई बोललात?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला याच घरात राहायचंय. तुझं काय, तू जाशील."

ते खरं होतं. म्हातारीला त्या पलंगाशिवाय जागा नव्हती. मला तिची दया आली. पण माफ केलं नाही. दोन्ही एका वेळी होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"व्हय आजी," म्हटलं. "मी जातेच." त्यांचं डायपर ओलं होतं. ते बदललं, हात धुतले आणि निघाले. वहिनींनी दार लावून घेतलं.

सोपं झालं नाही. ब्युरोचा माणूस म्हणाला, "असल्या अटी घातल्या तर तुला कोण ठेवून घेनार? लोकं पेशंटला बाई मागतात, बाईचे आजार न्हाई." त्यानंतर दोन घरं बघितली. दोन्हीकडं उंबऱ्यावरच विचारलं, मी संडासला कुठं जायचं? एकीकडं लोक हसले. दुसरीकडं म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलं नाही. नवरा म्हणतो, तोंड बंद ठेवलं असतंस तर काम गेलं नसतं. मधे आजार परत उसळला, आठ दिवस मऊ भात आणि गोळ्यांवर काढले. बरं होऊन लढायचं असं माझं नाही. आजार घेऊनच करावं लागणार.

गेल्या रविवारी वस्तीतल्या विहारात बायका जमल्या होत्या. वंदना झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, संडासातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तीन-चार आठवडे पोट नीट होत नसेल, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका, दवाखाना गाठा. आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी विचारलं, कामाच्या घरी तुम्ही कुठं जाता? हसणं थांबलं. एक म्हणाली, मी जातच नाही. एक म्हणाली, मी दुपारी पाणीच पीत नाही. कुणी जिन्याखाली, कुणी बांधकामाच्या मागं. आमच्यातल्या कितीतरी जणी त्याच ब्युरोतून कामाला जातात. इतकी वर्षं एका गल्लीत राहून आम्ही एकमेकींना हे विचारलं नव्हतं.

सोमवारी आम्ही सगळ्या मिळून ब्युरोच्या ऑफिसात जाणार आहोत. ज्या घरात आमच्या बाईला संडास नाही, त्या घराला बाई नाही, असं तिथल्या माणसाकडून लिहून घ्यायचं आहे. नवऱ्याला सांगितलंय, येणार असशील तर ये, अडवू नको. बोलता बोलता मला मधेच जावं लागेल, ते मला माहीत आहे. मी तिथलाच संडास मागणार आहे, सगळ्यांच्या समोर, मोठ्या आवाजात. ब्युरोचा माणूस नाही म्हणाला तर का नाही, हे त्याला आमच्या तोंडावर सांगावं लागेल. ते ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.