पठारावरची राखण

हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात पडून होतो तेव्हा मला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. मी सायकलवर आहे आणि घाट चढतो आहे. घाट ओळखीचा होता. पांढरकवड्याच्या अलीकडे माझ्या मेव्हणीचं गाव आहे, तिथल्या सागाच्या जंगलातून वर पठारावर निघणारा. स्वप्नात दम लागत नसे, घाम येत नसे. एक वळण संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, आणि आता वरचं आभाळ दिसणार असं वाटतं न वाटतं तोच सिस्टर हाक मारायची, ‘काका, डोळे उघडा.’ मी डोळे उघडायचो आणि मनातल्या मनात तिच्यावर भयंकर चिडायचो. दोन मिनिटं थांबली असती तर हिचं काय बिघडलं असतं?

घरी आलो ते काचेचं भांडं होऊन. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी मशीन दुरुस्त करायचो, हातात पाना धरून जन्म गेला, आणि आता बायको मला पाण्याची बादली उचलू देत नव्हती. सिलेंडर ती सरकवायची, मी बघायचो. माझी गिअरची सायकल तिने गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली आणि वरून पांढरी चादर घातली. मी म्हणालो, ‘अशी चादर कशावर घालतात माहीत आहे ना?’ दुसऱ्या दिवशी तिने ती काढून फुलाफुलांची घातली.

दोन वर्षं मी त्या फुलांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणायचे, चालवा, हळूहळू चालवा. बायको म्हणायची, डॉक्टरचं काय जातं? मी गावात, मैदानावर, सपाटीवर चालवून दाखवली. तेवढी तिने चालवू दिली. पण घाटाचा विषय काढला की तिचा चेहरा बंद व्हायचा. मलाही तिला नीट सांगता येत नव्हतं. एका न संपलेल्या स्वप्नासाठी जंगलात जायचं आहे, असं पन्नाशी उलटलेला माणूस कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी सांगितलंच. ती तूर निवडत होती.

‘एक डाव जा,’ ती म्हणाली. ‘मन भरून घ्या. पण ऊन डोक्यावर यायच्या आत ताईच्या घरी पायजे तुमी. नाई आले तं सायकलचं नाव नाई काढायचं. कदीच.’

‘बरं.’

‘वाघ हाये म्हणते तिकडं.’

‘टाके घातलेला माणूस तो खात नाही,’ मी म्हणालो. तिला हसू आलं नाही.

तर मार्च सरता सरता आम्ही मेव्हणीच्या गावी गेलो, आणि सकाळी उजाडताच मी निघालो. वाट गोल आहे. गावाच्या एका अंगाने पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने जायचं, नाला ओलांडायचा, मग घाट, मग पठार, आणि पठाराच्या दुसऱ्या टोकावरून एका पायवाटेने पुन्हा गावाच्या मागे उतरायचं. बायको दारात उभी होती. तिने पाण्याच्या बाटल्या तपासल्या, गोळ्यांची डबी माझ्या खिशात स्वतः घातली आणि आत गेली.

शेतं रिकामी होती. कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधांवर पडले होते, त्यांच्यावर धूळ बसली होती. पांदणीतला फुफाटा इतका मऊ की चाकांचा आवाजच येत नव्हता. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. तिथून चढ सुरू झाला.

सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती. एकेक पान ताटाएवढं. चाक वरून गेलं की पापड मोडल्यासारखं वाजायचं आणि त्या पानांखाली मोकळा मुरूम असायचा, तो दिसायचा नाही. असा चढ ताकदीने चढता येत नाही. जोर दिला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, मागे रेललं की पुढचं उचलतं. छाती हँडलवर आणायची, सगळ्यात हलक्या गिअरवर यायचं आणि पुढच्या दोन हात वाटेशिवाय जगात काही नाही असं समजायचं. मी काळजाकडे कान लावून होतो. आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलं ते सांगितलं, हे तर माझ्याच अंगातलं. धडधड मोठी होती, पण एकसारखी होती. एका वळणावर चाक घसरलं, मी आडवा झालो, कोपर सोललं. उठलो, चालत चालत वळण पार केलं, पुन्हा बसलो. स्वप्नात मी कधी पडलो नव्हतो. पडल्यामुळे मला फार बरं वाटलं, कारण हे खरं चाललं होतं.

मग एक वळण संपलं आणि पुढे वळण नव्हतं.

पठार तसं काहीच नाही. वाळलेलं गवत, मधेमधे पळसाचे शेवटचे लाल तुरे आणि खूप आभाळ. कुठेतरी पाचोळा जाळल्याचा धूर जमिनीलगत तरंगत होता, त्यात उन्हाचे पट्टे आडवे पडले होते. मी सायकलवर होतो, पण पॅडल मारल्याचं मला आठवत नाही. वाट आपली आपणच पायांखालून मागे जात होती. टिटवी ओरडली. मला रडू आलं. मोठ्याने रडलो, तिथे ऐकायला कोण होतं? मी जिवंत आहे, हे दोन वर्षांत मला सगळ्यांनी सांगितलं होतं, रिपोर्टांनीही सांगितलं होतं, पण पटलं ते तिथे.

उतरायची पायवाट सुरू होते त्याच्या जरा आधी एक मोठा मोह आहे. धूर तिथूनच येत होता. मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून, झाडून, जमीन लख्ख करतात, म्हणजे फुलं वेचता येतात. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुलं पडली होती आणि पडतच होती. टप. मग थोडा वेळ काही नाही. मग टप टप. वास असा गोड आणि जड की श्वास घेताना तो चावावा लागतो. पायवाट बरोबर त्या अंगणातून जात होती आणि एक कोलाम आदिवासी बाई ओणवी होऊन फुलं वेचत होती.

मी सायकल थांबवली. खायच्या वस्तूवरून चाक न्यायचं नाही, एवढं माझ्यासारखं शेतकऱ्याच्या घरचं पोरगं चालायला लागायच्या आत शिकतं. पायातले बूट काढले, फुलं चुकवत ते झाडलेल्या जागेच्या पलीकडच्या, उतरणीच्या कडेला जोडीने नेऊन ठेवले, हेल्मेट त्यांच्यावर ठेवलं आणि मग सायकल उचलून आणून मोहाच्या खोडाला टेकवली.

बाईने मान वर केली. ‘कोन्या गावचा होय बाबू?’

मी सांगितलं.

‘या गोट्यायतून सायकल आनली? कायले?’

तिला स्वप्न सांगण्यात अर्थ नव्हता. ‘अशीच,’ मी म्हणालो.

‘मंग बस जरासा. माही टोपली भरली. पोडावर रिती करून येतो. तवर पाहाजो, बकऱ्या येतेत. एक फूल नाई ठेवत थ्या.’

नाही म्हणायचं कसं? दुसऱ्याच्या झाडाच्या सावलीत उभं राहायचं, त्याचा वास फुकट घ्यायचा आणि राखण करत नाही म्हणायचं, हे आमच्या रीतीत बसत नाही. ऊन अजून तिरपं होतं. खाली उतरायला काही वेळ लागणार नव्हता. पोड, म्हणजे त्यांची वस्ती, इथेच झाडीआड असेल. मी म्हणालो, ‘जा माय, मी आहे.’ टोपली डोक्यावर घेऊन ती दिसेनाशी झाली.

मी खोडाला टेकून बसलो. मग थोडा घसरलो. मग आडवा झालो. डोळे मिटायचे नव्हतेच. पण वरून एक फूल छातीवर पडलं, बरोबर टाक्यांच्या वर, आणि ते काढायला हात उचलावासा वाटेना. पानांमधून आभाळ हलत होतं. दुसरं फूल पोटावर पडलं. बकऱ्यांवर लक्ष ठेवायचं आहे, असं मी स्वतःला बजावलं, आणि बकऱ्या आल्यासुद्धा. शहाण्यासारख्या ओळीने आल्या, माझ्याकडे बघून उभ्या राहिल्या. मी त्यांना हाकललं. हाकलून पुन्हा हाकललं. त्या हसत होत्या. यातलं खरं किती आणि झोपेतलं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं मला नंतर कळलं. ऊन डोक्यावर आलं तशी बायको मेव्हणीच्या घरातून बाहेर येऊन गावामागे उभी राहिली. फोन लावला, तो वर लागतच नाही. मेव्हणीचा नवरा बाजाराला गेलेला, मेव्हणीचे गुडघे धड नाहीत. मेव्हणी म्हणाली, येतीन ते, थांब. बायको थांबली नाही. घरच्या स्लीपर घालून, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात ती पायवाट चढू लागली. माझी बायको आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर कधी चढली नाही. ती तो अख्खा डोंगर चढली. वर आली, आणि तिला आधी मी दिसलो नाही. तिला दिसले ते माझे बूट.

बूट जोडीने कडेला ठेवलेले, वर हेल्मेट. असे बूट विहिरीच्या काठावर दिसतात तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो, तो आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे विहीर नव्हती, पण ते तिच्या डोक्यात आलं नाही. मग तिला पलीकडे टेकवलेली सायकल दिसली आणि तिच्याजवळ मी. उताणा, न हलणारा, कोपराला रक्त सुकलेलं, अंगावर फुलं.

मला जाग आली ती नाकाखाली काहीतरी लागलं म्हणून. बोट होतं. आडवं, वाकवलेलं, पाठीकडून धरलेलं, कारण बोटाच्या पाठीला श्वास लवकर कळतो. मी डोळे उघडले. तिच्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, एका पायात स्लीपर नव्हती. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या खांद्यावर एक चापट मारली, मग दुसरी, आणि मग मला धरून अशी रडली की मी तिला कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

‘चुकलं माझं,’ मी म्हणालो. ‘सोडली सायकल. तुझ्या गळ्याची शपथ, सोडली.’

तिने नाक पुसलं. धाप ओसरेना म्हणून पठाराकडे बघत बसली. तो धूर, ते गवत, ते सगळं आभाळ तिने पहिल्यांदाच पाहिलं. ‘सायकल कायले सोडता?’ शेवटी ती म्हणाली. ‘घाटानं तं काई नाई केलं तुमाले. झोपत नोका जाऊ असे कुठीबी. मी काय दर डावी डोंगर चढू?’

तेवढ्यात ती बाई रिकामी टोपली घेऊन आली; पोड मला वाटलं होतं त्याहून फारच लांब होतं. काळ्या जमिनीवर अर्ध्या भागात फुलं होती आणि अर्ध्या भागात नुसत्या लेंड्या. तिने जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ‘हा तुहा मानूस होय?’ तिने विचारलं. बायकोने मान हलवली. ‘मंग तूच राखन कर वो त्याची,’ ती म्हणाली आणि उरलेलं वेचायला बसली. आम्हीही बसलो. तिघांनी मिळून राहिलेली फुलं टोपलीत भरली, मग आम्ही सायकल हाताने धरून खाली आलो. वाटेत बायकोची हरवलेली स्लीपर सापडली.

पण उतरताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ते बोट. घाबरलेला माणूस हलवतो, हाका मारतो, छातीला कान लावतो. तिने यातलं काही केलं नव्हतं. नेमक्या जागी, नेमकं वाकवून, हलक्या हाताने बोट लावलं होतं. ते सवयीचं बोट होतं. मी मशीनवाला माणूस आहे, रोज केलेलं काम मला ओळखू येतं.

दोन वर्षांत किती रात्री, ते मी तिला विचारलं नाही. त्या दिवसापासून अंथरुणावर पडलो की मी जरा मोठ्याने श्वास घेतो.