पट्टेवाला वाघ

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची ही हकिकत. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून एकदोन वर्षं होती. पुण्याच्या एका छापखानेवाल्यांनी माझं मुलांसाठीचं चित्रांचं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं. माझं पहिलंच पुस्तक. मुखपृष्ठावर आपलं नाव कसं दिसेल, हे मी वहीच्या मागच्या पानांवर गिरवून गिरवून पाहिलं होतं. हे सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा कुणी वही उघडली असती तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

गोष्ट एका गर्विष्ठ वाघाची होती. त्याला अंगावरच्या पट्ट्यांचा भारी तोरा, शेवटी त्याची खोड मोडते आणि मग चार ओळींचं तात्पर्य. तात्पर्यावर मी विशेष खूश होते. चित्रांसाठी मी बाजारातल्या रंगाऱ्याला गाठलं. पवनेकाठच्या एका खेड्यातल्या मुसलमान घरातला हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि टांग्यांच्या पाठीवर मोर काढायचा. सगळा बाजार त्याला भाऊ म्हणायचा, म्हणून मीही. गोष्ट अजून पक्की लिहून व्हायची होती आणि छापखान्याला घाई होती, तेव्हा मी दहा चित्रांच्या दहा चिठ्ठ्या त्याच्या हाती दिल्या. पहिलीवर लिहिलं होतं : ‘पट्टेवाला वाघ ऐटीत ओढ्यावर येतो. सगळी जनावरं उठून उभी राहतात.’

पंधरवड्याने शाळा सुटल्यावर दुकानात गेले, तर दहाही चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. वाघाच्या अंगावर एक पट्टा म्हणून नव्हता. सगळे ठिपके. आणि छातीवर आडवा, लालभडक, पितळी बिल्ल्याचा पट्टा, मामलेदार कचेरीतल्या शिपायाचा असतो तस्सा. बगलेत टपालाचं बाड.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार दिवसांनी, शनिवारी, सगळं पुण्याला पोचवायचं होतं. वाघ कधी पाहिलाय का, असं मी त्याला चांगलंच तोडून विचारलं.

तो शांतपणे कुंचला पुसत म्हणाला, “बाई, आमच्या मावळात वाघ म्हंजे ठिपक्याचाच. गोठ्यातनं दोन येळा वासरू नेलंय त्यानं, पट्टे आसते तर दिसले आसते. आन् तुमी लिवलंय पट्टेवाला. पट्टेवाला कचेरीत आसतो.”

काही बोलायला म्हणून मी पुन्हा पहिल्या चित्राकडे वळले. वाघ तोंड वर करून चाललेला, ससे, कोल्हे, रानडुकरं धडपडत उठलेली, एक म्हातारं माकड तर चक्क हात जोडून उभं. माझीच चिठ्ठी, शब्दाला शब्द. मला असं हसू फुटलं की शेजारचा शिंपी डोकावून गेला. आमच्या शाळेतसुद्धा तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या आधी त्याचा पट्टेवाला आला तरी आम्ही उठायचोच की.

चित्रं बदलायची नाहीत, गोष्ट बदलायची, हे मी तिथेच ठरवलं. पुढचे तीन दिवस मी शाळेतून घरी न जाता थेट दुकानात. अळशीच्या तेलाच्या वासात स्टुलावर बसून मी लिहायचे, मोठ्याने वाचायचे, तो काम करता करता मान हलवायचा किंवा हलवायचा नाही. नाही हलवली की ते वाक्य गेलं. इतकी मजा मला लिहिताना पूर्वी आली नव्हती, नंतरही क्वचितच. पण शेवट काही सापडेना. वाघाला अद्दल कशी घडवायची यावर मी अडून बसले होते. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, “वाघाला कशाला मारताय? पट्टा सशाच्या गळ्यात घाला, मग बघा कोण उठतंय.”

मी टाळीच वाजवली. शेवटचं चित्र तेवढं भाऊने नव्याने काढलं : ससा पट्टा जमिनीवरून फरफटत चाललाय, सगळी जनावरं उठून उभी आहेत, वाघसुद्धा. तात्पर्याची गरजच उरली नाही. मी ते स्वतःच्या हाताने खोडलं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

शुक्रवारी फक्त मुखपृष्ठ उरलं होतं. भाऊने खडूने जागा आखली आणि सहज विचारलं, गोष्ट कुणाची म्हणून लिहायचं? मी माझंच नाव सांगणार, हे त्याने धरलंच असणार. माझ्या नावासाठी त्याने चांगली रुंद ओळ सोडली होती. ते नाव तिथे एकटं असावं असं मला फार, फार वाटत होतं. आणि गोष्ट माझी एकटीची नव्हती.

“दोघांची,” मी म्हटलं. “तुमचं नाव माझ्या शेजारी. त्याच आकारात.”

माझं नाव त्याने सरळ, गोटीबंद अक्षरांत लिहिलं. मग आपलं लिहायला घेतलं, थांबला, कुंचला पुसला, पुन्हा बुडवला. सगळ्या बाजारावर त्याच्या हातची अक्षरं होती, पण स्वतःचं नाव त्याने आजवर कशावरच लिहिलं नव्हतं. शेवटचं अक्षर कललं. छापखानेवाल्यांनी ते सरळ करून घेऊ का विचारलं, तर मी नको म्हणून कळवलं.