एक नवरी, एक डमरू

बसस्टँडावर सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत काम केलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. छत्र्या आणि पिशव्यांसोबत तेही रॅकवर येऊन बसतात. फरक एवढाच, की छत्री न्यायला कधीतरी कुणी येतं. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडे राहिले.

हिंगोलीच्या त्या खोलीत मी बदली कारकून होतो. आठवीत शाळा सुटली, पण अक्षर बरं होतं, म्हणून घेतलं. काम एकच. बसमध्ये सापडलेली वस्तू बघायची आणि तिच्यावर चिठ्ठी लावायची. चिठ्ठी अशी, की वस्तू न बघता नुसतं वाचून कळलं पाहिजे, हे काय आहे. तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू लिलावात जायची.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आणि मीच एका वस्तूवर असं काही लिहिलं, की करीमभाई पिंजाऱ्याचा अख्खा हिवाळा त्यात अडकला. तो किस्सा शेवटी सांगतो. आधी बाकीचे.

*

आमच्यात सगळ्यात जुने रज्जाकचाचा. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. चिठ्ठी आधी उर्दूत लिहायचे, मग मला मराठीत उतरवायला सांगायचे. त्यांची चिठ्ठी कशी? पिशवी. पिशवीत डबा. डब्यात पुडी. पुडीत काय, तेही! म्हणायचे, "चीज पूरी लिहायची बेटा. अर्धी चीज म्हंजे दुसऱ्याची चीज."

एकदा जवळा बाजारचे एक पाव्हणे बायकोसोबत पिशवी न्यायला आले. चाचांनी चष्मा लावून चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "खाकी पिशवी. पिशवीत धोतर. धोतरात डबी. डबीत तंबाखू, ताजी."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमी तर देवळात शपथ घेऊन सोडली म्हणला होता!"

पाव्हण्यांनी पिशवीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "ही पिशवी माझी न्हाई."

*

दुसरे कदममामा. पाय मोडला म्हणून कंडक्टरकीतून आमच्याकडे बसवलेले. त्यांना लिहायचा कंटाळा. त्यांच्या चिठ्ठीत वस्तूचं नावच नसायचं. "रॅक तीन, खालून दुसरा खण." बस्स.

मी भीत भीत विचारलं, "मामा, पण वस्तू काय ते?"

"काहून लिहायचं? तिथं जा अन् बघ की! वस्तू काय पळून चालली?"

वस्तू पळाली नाही, पण दिवाळीला खोलीला चुना मारायचा निघाला. सगळं सामान अंगणात आलं आणि संध्याकाळी जमेल तसं परत आत गेलं. दुसऱ्या दिवशी एक बाई लेकराचं झबलं मागायला आली. मामांनी चिठ्ठी काढली, रॅक तीन, खालून दुसरा खण, हात घातला आणि बाहेर आला कंदील!

बाई कंदिलाकडे बघत राहिली. मामा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "चिठ्ठी बराबर हाय, बाई. सामान चुकून बसलंय."

*

हे सगळं बघून आमचे हेडक्लार्क खिल्लारे साहेब वैतागले. माणूस कडक, पण सरळ. त्यांनी छापील रजिस्टर आणलं. प्रत्येक प्रकाराला वेगळं पान: कपडे, भांडी, अवजारं, वाद्यं. आणि वर्णनाला सहा चौकटी. एका चौकटीत एक अक्षर, आधी आकडा, मग जागा सोडून नाव. सहाच्या पुढे एक टिंबही जाता कामा नये!

चाचा म्हणाले, "साहेब, सहा अक्षरात तर माझं नावबी मावत न्हाई."

"मग नाव लहान ठेवायला पाहिजे होतं," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांनी वरून तपासणी अधिकारी आले. पानं उलटता उलटता एकदम थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खिल्लारे, ही काय नोंद आहे? 'एक नवरी'. वसमतच्या गाडीत सापडली. रॅक दोन."

साहेबांना घाम फुटला. "सर, एक नवरीची पेटी. चौकटी संपल्या."

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी लाल शाईनं शेरा मारला. यापुढे रजिस्टरात खाडाखोड नाही. वस्तू परत देताना मालकानं सांगितलेलं वस्तूचं वर्णनही तशाच सहा चौकटींत लिहायचं, आणि दोन्ही जुळल्याची हेडक्लार्कनं सही करायची.

अधिकारी गेल्यावर कदममामा हळूच म्हणाले, "मालक आला न्हाई तर तिचाबी लिलाव करायचा का?"

*

त्याच आठवड्यात कनेरगाव नाक्याकडून आलेल्या गाडीत सीटखाली एक लाकूड सापडलं. वीतभर लांब, दोन्ही टोकांना गोल गड्डे, मध्ये बारीक, मुठीत बसेल असं. हात लावला तर तुळतुळीत. मी चाचांसारखं सगळं लिहायला बसलो आणि चौकटी दिसल्या. बराच विचार केला. मग लिहिलं, 'एक डमरू'. बरोबर सहा चौकटी भरल्या! मला फार समाधान वाटलं. वाद्यांच्या पानावर नोंद केली आणि ते लाकूड रॅकवर ठेवून दिलं.

करीमभाई आले तेव्हा खिडकीवर कदममामा होते. करीमभाईंनी पिंजायचं लाकूड मागितलं. मामांनी अवजारांचं पान पाहिलं आणि सांगितलं, न्हाई. पुढच्या बाजाराला परत आले. परत न्हाई.

तिसऱ्या खेपेला खिडकीवर मी होतो. करीमभाईंच्या खांद्यावर कापूस पिंजायची लांब कमान, अंगावर कापसाचे तंतू.

"बेटा, असं हाय बघ," म्हणून त्यांनी हवेत दोन गड्डे काढले आणि मध्ये मूठ धरली. "यानं कमानीच्या तातीवर, या ताणलेल्या दोरीवर, ठोकतो आमी. अब्बाच्या हातचं हाय. नवं करून घेतलं तर दोनदा तात तुटली. हिवाळा चाल्ला. गाद्या पिंजायचे हेच तर चार दिस."

मी आत गेलो आणि लाकूड आणून समोर धरलं. "हेच!" म्हणून त्यांनी हात पुढे केला.

पण हात साहेबांनी अडवला. "रजिस्टरात डमरू आहे. तुम्ही अवजार म्हणता. जुळत नाही. खाडाखोड करता येत नाही. मी सही कशावर करू?"

करीमभाई कमान सावरून निघून गेले. चूक माझी होती, हे मला बोलता आलं नाही. बदली माणूस होतो. पण खरं सांगायचं तर बदली नसतो तरी बोललो नसतो. लोकांसमोर माझा आवाजच निघत नसे. लिलावाला नऊ दिवस होते.

*

त्या नऊ दिवसांत साहेबांचा भाचा मिलिंद आला. मुंबईत कॉम्प्युटरवर काम करायचा. परतीची गाडी चुकली म्हणून आमच्या खोलीत बसला आणि वेळ जावा म्हणून चिठ्ठ्या वाचू लागला. वाचता वाचता हसायलाच लागला.

"मामा, आमच्या मशीनमध्ये पण हीच माणसं बसलीत!" तो साहेबांना म्हणाला.

मग समजावून सांगू लागला, मशीनला हुकूम देण्याच्या वेगवेगळ्या भाषा असतात. आत साठवलेली वस्तू कागदावर दाखव म्हटलं, की एक भाषा नुसता जागेचा नंबर छापते. हे कदममामा. एक भाषा कंसात कंस, त्यात अजून कंस, सगळं उघडून दाखवते. हे चाचा. आणि एक भाषा आधी विचारते, चौकटी किती? मावलं तर ठीक, नाहीतर तुमचं नशीब.

साहेब म्हणाले, "ती शहाणी भाषा."

मी धीर करून विचारलं, "मग नीट कोण दाखवतं?"

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. थट्टा केली नाही. "अजून ठरलं नाही रे. परदेशात काही लोक म्हणतात, बाहेरच्यानं लिहूच नये. मी कोण, हे वस्तूलाच सांगू द्यावं."

कदममामा उठून बसले. "मंग आमची नोकरी?"

सगळे हसले. मी रॅककडे बघत होतो.

*

लिलाव उद्यावर आला होता. बाजारचा दिवस, स्टँडवर गर्दी. करीमभाई कमान घेऊन आले. काही मागितलं नाही, नुसते खिडकीजवळ उभे राहिले. शेवटचं बघायला आल्यासारखे.

मी उठलो. म्हणालो, "साहेब, डमरू मी लिहिलं. मला काय आहे ते कळलं नव्हतं. चूक माझी आहे."

"मग आता काय करू? लिहिलेलं पुसता येतं का?"

"पुसू नका. त्या लाकडालाच विचारू."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मग मान हलवली.

मी लाकूड आणून करीमभाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते मुठीत धरलं, आणि आमच्या रजिस्टरला तीन महिने जे कळलं नव्हतं ते त्या मुठीकडे बघून मला कळलं. त्यांनी कमान तोलली आणि तातीवर एकच टोला दिला.

ठ्यांव!

खोलीतल्या पत्र्याच्या पेट्या थरथरल्या. बाहेर स्टँडवरची माणसं वळली. जवळा बाजारच्या गाडीसाठी बसलेली एक बाई तर उठूनच उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "ओ पिंजारीचाचा! इकडं या की! दोन गाद्या हायत आमच्या!"

करीमभाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि मालकाच्या वर्णनाच्या रिकाम्या चौकटी दाखवल्या.

"लिही."

"काय लिहू?"

"लाकडाचं उत्तर त्या बाईनं दिलं. ती काय म्हणाली ते लिही."

'एक डमरू' च्या खाली मी लिहिलं, 'दोन गाद्या'. एक चौकट उरली.

साहेबांनी दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाले, "जुळतं," आणि सही केली.