उगवतीले दोन बोटं

आमच्या कॉलेजच्या एअर पिस्तुलाला एक खोड होती. नेम मधोमध धरला तरी छर्रा दोन बोटं डावीकडे जायचा. चांगल्या पिस्तुलांना मागे स्क्रू असतात, ते फिरवले की नेम सरकतो. आमच्याला स्क्रूच नव्हते. नळीच्या टोकाला एक बारीक उभी पट्टी होती, तिला माशी म्हणतात, आणि मागच्या बाजूला एक खाच. दोन्ही जागच्या जागी पक्क्या.

"सर, माशीले हातोडीनं जराशी ठोकली तर?" मी विचारलं.

"अन् प्राचार्यायनं इचारलं तर काय सांगू? जडसंग्रहाच्या वहीत नोंद हाय त्याची, कॉलेजचं सामान हाय ते. पिस्तूल सुधरत नाई पोरी, आपुन सुधरायचं."

सर मूळचे मोर्शीकडचे, सैन्यातून निवृत्त होऊन आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक म्हणून आले होते. त्यांनी मला नेमबाजीच्या संघात घेतलं ते माझा हात थरथरत नाही म्हणून. मी पिस्तूल धरलं ते मात्र वसतिगृहासाठी. दर्यापूरजवळच्या आमच्या गावाहून अमरावतीला रोज जायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी, मग राजापेठेपासून पायी. दिवसाचे चार तास रस्त्यातच जात आणि पहिला तास बहुतेक वेळा बुडे. मार्कांच्या यादीत माझं नाव वसतिगृहाच्या दारापाशी येऊन थांबलं होतं. खेळाडूंसाठी मात्र एक जागा रिकामी होती. अकोल्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चारशेपैकी तीनशे वीस गुण आले, की विद्यापीठाच्या शिबिरात निवड आणि वसतिगृहातली ती खाट माझी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या तासाला वेळेवर पोचावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

आईला हे पटवणं अवघड गेलं.

"काय शिकवतेत तुले तिथं?"

"माशीवर नजर ठेवायले. समोरचा कागद पुसट दिसला तरी चालते, माशी साफ दिसली पायजे."

"म्हंजे दिवसभर माशाच मारून राहिली ना तू!"

पहिले दोन महिने सरांनी मला मधल्या दहाच्या आकड्याकडे बघूच दिलं नाही. पिस्तुलाखाली वाळूची पिशवी ठेवायची, श्वास अर्धा सोडायचा, घोडा लिंबातली बी काढावी तसा हळू दाबायचा आणि पाच छर्रे एका जागी पाडायचे. जागा चुकली तरी चालेल.

"पांगलेली ढोरं हाकलता येत नाईत," सर म्हणायचे. "आंधी एका जागी गोळा कर, मंग कुठं न्यायची ते पाहू."

ढोरं गोळा व्हायला लागली तशी सरांनी पिशवी काढून घेतली, आणि मग दिशेचा प्रश्न आला. छर्रा डावीकडे पडतो, म्हणून नेम तेवढाच उजवीकडे धरायचा, हे साधं गणित. पण डावं-उजवं हे शब्द आमच्या घरी जेवणापुरतेच होते. शेतात बांधाला कोणी "उजवा धुरा" म्हणत नाही, उगवतीचा धुरा म्हणतात. विळासुद्धा आई "चुलीच्या मावळतीले हाय, पाह्य" असंच सांगते. सरही शेतकऱ्याचेच. त्यांनी पिशवी काढली त्याच दिवशी सांगून टाकलं, "छर्रा मावळतीले पळून राहिला. तू उगवतीले दोन बोटं धर."

आमच्या सरावाच्या शेडमध्ये नेमबाज उत्तरेला तोंड करून उभे राहत. उगवत उजव्या हाताला. दोन बोटं धरली आणि छर्रे दहाभोवती पडायला लागले. सर खूश झाले. तीनशे तीस, तीनशे पस्तीस असे गुण यायला लागले. सहा महिने आम्हा दोघांच्या तोंडी तेच: उगवतीले दोन बोटं.

अकोल्याच्या स्पर्धेला सकाळीच पोचलो. हॉल मोठा, उंच खिडक्यांचा. माझ्या शेजारच्या जागेवर एक अकोल्याची मुलगी होती. तिच्या पिस्तुलाला इतके स्क्रू होते की मला ते घड्याळजीकडून आणल्यासारखं वाटलं. तिने माझ्या पिस्तुलाकडे पाहिलं. "हे चालते काय वं अजून?"

"चालते," मी म्हटलं.

मुख्य फेरीआधी सरावाचे छर्रे मारायला थोडा वेळ असतो. मी उगवतीकडे दोन बोटं नेम धरला आणि घोडा दाबला. छर्रा काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर, डावीकडे. दुसराही तिथेच. मागे दोरीपलीकडे सर उभे होते. सरावाच्या वेळेत ते दोन शब्द बोलू शकत होते. बोलले.

"उगवतीले धर!"

"उगवतीलेच धरून राहिली, सर!"

"मंग अजून धर! दोन बोटं आणखी!"

मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. आणखी दोन बोटं धरली. या वेळी कागदावर काहीच उमटलं नाही. मागच्या लाकडी फळीवर टक् असा आवाज आला.

"काहून वं? डोळे मिटून मारून राहिली काय?"

"जीपमध्ये पिस्तुलावर कोणी बसलं असन, सर!"

पंच पुण्याकडचे होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "हे उगवती-मावळती काय चाललंय? सांकेतिक भाषा आहे का ही? मार्गदर्शन मराठीत करा."

सर छाती काढून म्हणाले, "साहेब, मराठीच हाय. तुमच्याकडं सूर्य उगवत नाई काय?"

सूर्य म्हटल्यावर मी सहज मान वळवली. उन्हाचा पट्टा माझ्या डाव्या कानावर पडला होता. या हॉलमध्ये आम्ही सगळे दक्षिणेला तोंड करून उभे होतो. मी सहा महिने खरीखुरी उगवत धरत आले होते. सरांसाठी मात्र इतक्या वर्षांत, त्याच एका शेडमध्ये उभं राहून, उगवत हे उजव्या हाताचं नावच होऊन बसलं होतं.

"सर," मी म्हटलं, "इथं उगवत डाव्या हाताले हाय."

सरांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात पंचांनी सराव संपत आल्याची सूचना दिली. सर ओरडले, "जेवायच्या हाताकडं! जेवायच्या हाताकडं दोन बोटं!"

अख्खा हॉल हसला. शेजारची मुलगी तर पिस्तूल खाली ठेवून हसली. पण मला ते अचूक समजलं.

मुख्य फेरीतला पहिला छर्रा मी घाईत मारला. तीन गुण. खाट डोळ्यांसमोरून निघून जाताना दिसली. मग मी पिस्तूल ठेवलं, दीर्घ श्वास घेतला आणि मनाशी ठरवलं, की उरलेले एकोणचाळीस छर्रे हे एकोणचाळीस घास आहेत. घाई केली की ठसका लागतो. माशी साफ, कागद पुसट, जेवायच्या हाताकडं दोन बोटं.

सरांनी बेरीज तीनदा केली, आणि चौथ्यांदा पंचांकडून करून घेतली. तीनशे बावीस. पंचांनी सरांना हात जोडले. "तुमच्या सूर्याचं अभिनंदन," म्हणाले. सरांनी ते मनापासून स्वीकारलं.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. निवड झाली, खाट मिळाली, सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी आधी एकच विचारलं.

"म्हंजे आता रोज संध्याकाळी घरी नाई येशीन तू?"

हा हिशोब मी केलाच नव्हता. सहा महिने मी फक्त पहिल्या तासाचा विचार केला होता, शेवटच्या जीपचा नाही.

"शनिवारी येईन, बाबा."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "खाट देतेत, मंग गादी कोनाची?"

"आपलीच न्या लागते."

"मंग भरून आनतो."

चार दिवसांनी बाबा जीपच्या टपावर गादी बांधून वसतिगृहाच्या फाटकाशी उतरले. घरचा कापूस त्यांनी हात आखडता न घेता भरला होता. ती दारातून आत घ्यायला तिघी लागल्या, आणि खाटेवर टाकली तर एक हात बाहेर आली. रेक्टरबाई म्हणाल्या, कमी करून आणा. बाबा म्हणाले, "बसन बाई, झोपून झोपून बसन." तीन वर्षं मी तिच्यावर झोपले. ती काही बसली नाही.