विसूगुरुजींची धर्मशाळा

विसूगुरुजी गोत्राच्या आधी मार्क विचारायचे. रामकुंडाजवळ त्यांची गादी होती आणि गादीला लागून आमचं फुलांचं दुकान, त्यामुळे मी हे ऐकतच मोठी झाले. यात्रेकरू ओल्या अंगानं वर येई, हात जोडून उभा राही, आणि त्याच्यामागे मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की गुरुजी कुळाचा विषय बाजूला ठेवत. "बारावी का? ग्रुप किती?" म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित मिळून तीनशेपैकी किती. आजोबांची तिथी विसरलेले बाप मी पुष्कळ पाहिले, मुलाची बेरीज विसरलेला एकही नाही.

तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, लाल कापडात बांधलेल्या, लांबलचक. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी दोन मिनिटांत तुमच्या खापरपणजोबांचं अक्षर काढून दाखवत. आलेल्या माणसानं आपली ओळ आपल्या हातानं लिहायची, असा तिथला रिवाज. एकदा अकोल्याकडच्या एका गृहस्थांनी आनंदाच्या भरात ओळीखाली जोडून दिलं, की चिरंजीवांना अमुक इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, मार्क दोनशे सत्तर. पुढच्या यात्रेकरूनं ते वाचलं आणि श्राद्ध विसरून विचारलं, की माझ्या मुलाला दोनशे पासष्ट आहेत, त्याचं काय होईल? गुरुजींना त्या क्षणी आपलं खरं जीवितकार्य सापडलं. त्यांनी नवी वही बांधून घेतली, निळ्या कापडात.

त्यांच्या हिशेबी जगात तीनच प्रकारची कॉलेजं होती. पहिली दर्शनाची, लांबून हात जोडायची. मिळालं तर देव पावला. दुसरी प्रसादाची, रांगेत नीट उभं राहिलं की मिळणारी. आणि तिसरी धर्मशाळा. बाकी काही नाही मिळालं तरी तिथं जागा असतेच. निळ्या वहीत नावापुढे मार्क, मग या तिन्हींचे रकाने आणि शेवटी 'मिळालं काय' असा एक रकाना. पहिले सगळे गुरुजी भरत. शेवटचा मात्र ज्यानं त्यानं येऊन भरायचा. "ज्याचा प्रवेश त्याचं अक्षर," असं ते म्हणत, आणि या नियमापुढे कुणाचं काही चालत नसे.

धर्मशाळेच्या बाबतीत ते फार कडक होते. लोक दर्शनाची पाच-पाच नावं घडाघडा सांगत, धर्मशाळा विचारली की आभाळाकडे बघत. मग गुरुजी म्हणायचे, "जिथलं पाणी प्यायला नाहीत ती धर्मशाळा लिहू नका. आधी जाऊन पाणी पिऊन या." लोकांना ही गंमत वाटे. गंमत नव्हती. परभणीचा एक बाप मुलाला घेऊन खरोखर तीन गावांचं पाणी पिऊन आला आणि दोन दिवस आमच्या दुकानामागे पोट धरून बसला. गुरुजींनी तिन्ही गावांपुढे तशी नोंद केली.

माझी बारावी झाली आणि दोनशे एकसष्ट मार्क पडले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला पुण्यातलं ते नामांकित कॉलेज हवं होतं, नाहीतर काहीच नको. या 'काहीच नको'चा अर्थ मला कळत होता. वणीचं एक स्थळ आईनं हेरून ठेवलं होतं. प्रवेश नाही मिळाला तर दिवाळीनंतर मला उजवायचं, हे ठरल्यासारखंच होतं. तरी मी फॉर्मवर पुण्याची दोन आणि मुंबईचं एक लिहून मोकळी झाले. आईनं मला हाताला धरून गादीवर नेलं.

"गुरुजी, पोरगी लय हट्टी हाय. तुम्हीच सांगा हिला."

गुरुजींनी वही उघडली, बोट फिरवलं आणि माझ्या तिन्ही कॉलेजांना एकाच ओळीत दर्शनात टाकलं. प्रसादात दोन नावं आपल्या मनानं घातली. मग म्हणाले, की वणीच्या रस्त्याला नवं कॉलेज निघालंय, उद्या पाणी प्यायला जाऊ.

ती सफर आठवली की मला आजही एकटीला हसू येतं. गुरुजी धोतराचा काचा मारून मोपेडवर पुढे, शेंडी वाऱ्यावर, मागे मी, आणि माझ्या मांडीवर झेंडूची पाटी, कारण जाताजाता एका गिऱ्हाइकाच्या माळा पोचवायच्या होत्या. गिऱ्हाईक घरी नव्हतं. तेव्हा पाटीसकट आम्ही द्राक्षबागांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या इमारतीपाशी उतरलो. खालचा मजला पुरा, वरच्याला छप्पर नाही. आम्हाला पाहून प्राचार्य स्वतः धावत आले. कपाळाला गंध लावलेले भटजी आणि पाटीभर झेंडू पाहून त्यांना वाटलं, कार्यशाळेच्या पूजेला संस्थेनं माणूस पाठवला.

"मुहूर्त आजचाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"आधी पाणी द्या," गुरुजी म्हणाले.

पाणी थंडगार आणि गोड होतं. गुरुजी दोन तांबे प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, की चला, करू पूजा. मी त्यांचं धोतर ओढलं, पण ते कुठले थांबतात. लाकडी खोक्यातून अर्धवट बाहेर काढलेल्या लेथ मशीनला त्यांनी माझा झेंडू वाहिला, प्राचार्यांना पाटावर बसवलं, त्यांच्या उजव्या हातात पळीभर पाणी घातलं आणि संकल्पाच्याच सुरात विचारलं, "कायम शिक्षक किती?"

प्राचार्य चाचरले. तळहातावर पाणी धरलेल्या माणसाला खोटं बोलणं जड जातं. "चार," ते म्हणाले. "आणखी तीन दिवाळीपर्यंत येतील."

"हे यंत्र कधी फिरेल?"

"वीज जोडणी बाकी आहे. महिना लागेल."

"मुलींना बस?"

"आहे. नाशिकहून रोज."

"सोडा पाणी," गुरुजी म्हणाले. माहितीपत्रकात शिक्षक तेवीस होते.

परत येताना मी रागानं फुगले होते. चार शिक्षकांचं कॉलेज मी लिहिणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. गुरुजींनी मोपेड बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाले, "नंदे, त्यानं चार म्हटलं ते खरं म्हटलं. खरं बोलणाऱ्या माणसाच्या घरी राहता येतं. आणि वणीच्या रस्त्यानं तुला जायचंच आहे. नवरीच्या गाडीतून जायचं की कॉलेजच्या बसमधून, तेवढं ठरव."

प्रसादाच्या दोन नावांखाली मी तेही नाव लिहिलं. शेवटून पहिलं, बारीक अक्षरात.

यादी लागली आणि मला तेच मिळालं. दर्शन गेलं, प्रसादही दोन मार्कांनी हुकला. वणीचं स्थळ टळलं म्हणून आनंदानं नाचायला हवं होतं, पण माझ्या वर्गातल्या दोघी पुण्याला निघाल्या होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आईनं गुरुजींना पेढे दिले. गुरुजी निळी वही आणि पेन घेऊन दुकानाशी आले, तेव्हा मी शेवंतीच्या पाट्यांमागे लपून बसले. ते थोडा वेळ थांबले, एक हार विनाकारण विकत घेतला आणि गेले. नंतर मी दुकानात मागच्या गल्लीनं येऊ लागले.

कॉलेज चांगलं निघालं. शिक्षक सात झाले, छप्पर पडलं, म्हणजे घातलं गेलं, आणि ते लेथ मशीन मी इतकं फिरवलं की अंबडच्या कारखान्यात मला पहिली नोकरी त्याच्याच जोरावर लागली. तरी वहीत लिहायला मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दहा वर्षं गेली.

मग माझ्या भाचीची बारावी झाली. आता सीईटी आली होती, फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचे होते, आणि भाचीला पुण्यातलंच हवं होतं, नाहीतर काहीच नको. मी तिला हाताला धरून गादीवर नेलं. गुरुजी खूप वाळले होते. त्यांनी भाचीकडे पाहिलंही नाही. वही काढली, माझं पान उघडलं आणि बोट ठेवलं. माझं नाव, दोनशे एकसष्ट, सगळे रकाने भरलेले, शेवटचा कोरा.

"गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं की," मी म्हटलं. "तुम्हीच लिहायचं."

"नियम म्हणजे नियम. दर्शन झालेले धावत येतात लिहायला. धर्मशाळेतला कुणी फिरकत नाही. मग वही खोटं बोलते, नंदे. वाचणाऱ्या पोराला वाटतं, सगळ्यांनाच देव भेटला, मी एकटाच करंटा."

मला फार लाज वाटली. मी पान उलटून पाहिलं. माझ्यासारखे कोरे रकाने कितीतरी होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं: धर्मशाळा. पाणी गोड आहे. भाचीनं खांद्यावरून वाकून वाचलं आणि विचारलं, "आत्या, हे कुठे आहे? आपण कधी जायचं?" गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या मुलानं मला गादीवर बोलावून निळी वही दाखवली. शेवटच्या पानावर, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी स्वतःची ओळ लिहिली होती. मार्कांच्या रकान्यात 'काठावर पास'. दर्शन, वैकुंठ. प्रसाद, कैलास. धर्मशाळा, नाशिक, पाणी आयुष्यभर प्यायलो आहे.

शेवटचा रकाना कोरा होता. मुलानं पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "ताई, काय लिहायचं? वैकुंठच लिहू ना?" मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि वहीशेजारी ठेवून दिलं, गुरुजींच्या उजव्या हाताला सापडेल असं.